गुडघ्याखालची घोंगडी

ठकूआक्काला वाचता येत नव्हतं, आणि आमच्या संघटनेचं एकही पत्रक तिनं ऐकल्याशिवाय छापायला जात नव्हतं. हा नियम कुठल्या बैठकीत झाला नव्हता. तो तिनंच केला होता, आणि मोडायचा तर तिच्यासमोर उभं राहून मोडावा लागला असता. तेवढं धाडस आमच्यात कुणाकडं नव्हतं.

शहाण्णव साली मी बारामतीत संघटनेच्या कामाला लागले. नुकतीच बी.ए. झालेली, डोक्यात राग भरलेला आणि लिहायची खुमखुमी. एका छापखान्याच्या माडीवर आमची खोली होती. खाली मशीन सुरू झालं की वरची फरशी थरथरायची. पणदरे भागातल्या रोजगारी बायांसाठी मी माझं पहिलं पत्रक लिहिलं होतं. आठवड्यातून एक दिवस बाईला पुरी सुट्टी, शेतातली आणि घरातलीही, अशी ती मोहीम होती. आक्का तिच्या गावाहून, निरवांगीहून आली होती. भिंतीला टेकून उकिडवी बसली आणि म्हणाली, वाच.

मी सुरुवात केली, "शोषणाच्या चक्रात पिचलेल्या श्रमिक भगिनींनो."

तिनं हात वर केला. "ह्या कोण?"

मी म्हटलं, तुम्हीच की आक्का, तुमच्यासारख्याच सगळ्या.

"मग मला हाक मार की. भगिनी कशाला म्हणतीस? आन पिचली म्हणतीस ते बी बराबर न्हाय. पिचल्याली बाई तुझा कागुद घ्याला हात कसा पुढं करंल?"

मी वाद घातला. मला वाद घालता येतो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं की हे कुणासाठी लिहिलंय. ज्याला हे कळतं त्याला ते आधीच माहीत आहे आणि ज्याला माहीत नाही त्याला हे कळणार नाही, मग छापायचं कुणासाठी. संध्याकाळपर्यंत माझं दीड पान नऊ ओळींवर आलं. त्या नऊ ओळी मी दोनदा वाचल्या आणि तिसऱ्यांदा आक्कानं मला म्हणून दाखवल्या, एक शब्द इकडचा तिकडं न करता. तेव्हापासून आजपर्यंत मी जे काही लिहिलं ते त्या उकिडव्या बसलेल्या बाईला दिसेल असं लिहिलं. फक्त एकदा नाही.

तिचं सगळं चरित्र मला माहीत नाही आणि ती सांगायचीही नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक मुलगा, तो साखर कारखान्यात कामाला. सून मंदा, शांत आणि कष्टाळू. घरची मेंढरं आक्काच्या लहानपणीच विकली गेली, पुढं पाणी आलं आणि ही माणसं शेतीला लागली, तरी चालणं तिच्या अंगातून गेलं नाही. उंच, सडपातळ, टायरच्या चपला, खताच्या गोणीची शिवलेली पिशवी खांद्याला. पिशवीत पत्रकं, एक भाकरी आणि ठरावाची वही. डांबरी रस्त्यानं ती जायची नाही. कालव्याच्या कडेनं, बांधाबांधानं जायची. रस्त्यावर गाड्या भेटतात, बांधावर माणसं भेटतात, असं तिचं म्हणणं. आम्ही पोरी तिच्या मागं धापा टाकत जायचो आणि ती पुढं जाऊन कुणाच्या तरी गोठ्यात चहा पीत बसलेली असायची.

पत्रक वाटायची तिची एक रीत होती. हातात कागद देऊन ती पुढं सरकायची नाही. आधी बोलायची, कागदातलं सगळं तोंडानं सांगायची, मग समोरच्या बाईला विचारायची, काय कळलं सांग. बाईनं सांगितलं तरच कागद. नाही सांगितलं तर पुन्हा पहिल्यापासून. दिवसाला आम्ही प्रत्येकी दोनशे कागद वाटायचो आणि ती तीस. मी एकदा हे बैठकीत बोलून दाखवलं, तर तिनं सांगितलं की तुम्ही वाटता ते कागद मी वाटेत पडलेले बघते, माझा पडलेला दाखवा.

भिगवणची गोष्ट सांगते. मासळी विकणाऱ्या बायांमध्ये आम्ही गठ्ठा वाटून आलो आणि तासाभरानं त्याच वाटेनं परतताना बघितलं, तर आमच्या पत्रकात चिलापी मासा बांधून गिऱ्हाइकाला दिली जात होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एका मासेवालीशी मी भांडायलाच उभी राहिले. तुमच्यासाठी आम्ही उन्हातान्हाचं फिरतो आणि तुम्हाला त्याची ही किंमत, वगैरे. ती बाई बिचारी सुरी हातात धरून ऐकत राहिली. आक्कानं मला बाजूला केलं. तिथंच बसली, उरलेला गठ्ठा त्या बाईपुढं ठेवला आणि म्हणाली, "लिवल्याली बाजू आत घाल बाय. वर ठिवलीस तर वल्ल्या हातानं अक्षर जातंय. आत ठिवलीस तर घरला जाऊन सोडत्याल तवा वाचत्याल."

मासेवाली हसली. मग म्हणाली, आणि मलाच वाचायचं असलं तर? आक्कानं तिला तोंडपाठ सगळं सांगितलं. त्या बाईनं जाताना आम्हाला दोन मासे दिले, आमच्याच पत्रकात बांधून. मी वाटभर फुगून बसले होते आणि आक्का मला चिडवत होती की तुझ्या लिखाणाला आता वास यायला लागला.

सुट्टीच्या मोहिमेवर तिचा आधी विश्वास नव्हता. सुट्टीच्या दिवशी बाईनं करायचं काय, असं तिनं बैठकीत विचारलं. मी म्हटलं, झोपायचं. ती म्हणाली, उठल्यावर दोन दिवसांचं काम पुढ्यात असतं, ते कोण करणार. तरी सगळ्या बायांनी हात वर केले, ठराव झाला आणि आक्कानं अंगठा दिला. ठरावाच्या बाबतीत ती फार कडक. अंगठा असा दाबायची की शाई मागच्या पानावर उतरायची. एकदा ठराव झाला की तो तिचा. मग पणदऱ्यात, जिथं डेअरीवर पहाटेपासून बायांची रांग, तिथं ती तासन् तास उभी राहून सुट्टीचं सांगायची. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तिला खोचकपणे विचारलं, आक्का, तुमी कवा घ्येताय सुट्टी? ती म्हणाली, "तात्या, माजी पुढं लई मोठी मंजूर झाल्याली हाय. तवर काम करून घ्येती." तात्यानं पुढं तिच्या हातून कागद घेतला, आणि त्यासाठी त्यालाही काय कळलं ते सांगावं लागलं.

गुडघ्याचं दुखणं तिनं आमच्यापासून कितीतरी महिने लपवलं. चालता चालता थांबायची, वाकायची, चपलेत खडा गेलाय म्हणायची. चपला काढायची, झटकायची, पुन्हा घालायची, तेवढ्यात दोन मिनिटं निघायची. आम्ही हसायचो की सगळ्या तालुक्यातले खडे आक्काच्याच चपलेत शिरतात. एकदा मी खाली बसून ती चप्पल स्वतः झटकली. त्यात काही नव्हतं. मी वर बघितलं. आक्का कालव्याकडं बघत होती आणि तिच्या ओठावर घाम होता, थंडीच्या दिवसात.

बाजाराच्या दिवशी एक सुईवाला डॉक्टर बसायचा, तो गुडघ्यात सुई टोचायचा. आठ दिवस ती पळायची आणि नवव्या दिवशी आधीपेक्षा वाईट. पुढं ती पंगतीला बसेना. उभ्यानं वाढायचं काम मागून घ्यायची, म्हणजे बसायला नको. उकिडवं बसून पत्रक ऐकणारी ती बाई खिडकीच्या कट्ट्याला टेकून ऐकायला लागली. एकदा अर्ध्यातच म्हणाली, "पोरी, मला म्हातारपणाचं भ्या न्हाय. पर मी हितं यीना झाली तर ह्यातलं मी कोण?" पुढं वाच म्हणाली आणि मी वाचलं.

तिचं सगळं माणूसपण त्या चालण्यावर उभं होतं. हे मला कळत होतं. म्हणून मीच पुण्याचं काढलं. पैशाचं कसं जमलं ते लिहीत नाही, जमलं. ज्या दवाखान्यात गेलो त्याचं नावही लिहीत नाही. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर तरुण होता, परदेशात नवं शिकून आलेला, आणि तो आक्काशी नीट बोलला. कागदावर गुडघा काढून दाखवला. झिजलेला सांधा काढून त्या जागी धातूचा आणि प्लास्टिकचा बसवायचा. आपण छेद लहान घेतो, म्हणाला, मांडीचा स्नायू कापत नाही, बाजूला सारतो, त्यामुळं दुखतं कमी आणि माणूस लवकर उभं राहतं. उजवा गुडघा जास्त गेला होता, तो आधी.

आक्कानं विचारलं, "चालता यील?"

येईल, पण मेहनत तुम्हाला घ्यावी लागेल, असं तो म्हणाला. मांडी घालून मात्र बसता येणार नाही, खाली उकिडवं तर नाहीच.

तिनं थोडा विचार केला. "चालाय यीत आसलं तर बसतंय कोण," असं म्हणाली आणि अंगठा दिला. परिचारिकेला तो अंगठा पुसायला कापूस द्यावा लागला.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी तिला उभं केलं. व्यायाम घेणारी एक मुलगी होती, माझ्याच वयाची, बारीकशी. ती येऊन आक्काचा पाय धरायची आणि वाकवायची, सरळ करायची, टाचेखाली गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायला लावायची. आक्का तिला खाटकीण म्हणायची. तोंडानं शिव्या द्यायची आणि पाय तिच्याच हातात द्यायची. चौथ्या दिवशी वॉकर घेऊन वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत गेली आणि परतताना प्रत्येक खाटेशी थांबून कुणाचं गाव कुठलं ते विचारून आली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी नंतर पुन्हा बघितलं नाही.

जखम लहान, म्हणून सुट्टी लवकर मिळाली. पाचव्या दिवशी, रविवारी. व्यायामाची मुलगी त्या दिवशी नव्हती. एका शिकाऊ डॉक्टरनं घाईघाईनं कागद हातात दिला, सगळं यात लिहिलंय म्हणाला आणि गेला. कागद इंग्रजीत होता.

आता मी काय केलं ते सांगते. मी खाली गेले आणि दवाखान्याशी भांडले. खेड्यातली बाई इथं येते, तिच्या भाषेत तिला कागद मिळत नाही, ही बेअदबी आहे, हा अन्याय आहे, असं मी त्या काचेच्या खिडकीतल्या माणसाला सुनावलं. तक्रारवही मागितली आणि पानभर तक्रार लिहिली. चांगली लिहिली होती. वर आले तेव्हा जीप येऊन उभी होती. जीपमध्ये आक्कानं विचारलं, त्या कागदात काय हाय, वाच की.

मी म्हटलं, इंग्रजीतला कागद आपण वाचायचा नाही. ते मराठीत देतील तेव्हा वाचू. त्यात औषधांचंच असेल.

कागद मी एक्स-रेच्या मोठ्या पाकिटात सारला. मी बी.ए. होते. मला वाचता येत होतं.

निरवांगीत बायांची रीघ लागली. प्रत्येकीला जखम बघायची. एवढीच? एवढ्याशा भोकातनं सांधा आत गेला कसा? एक जण म्हणाली, एवढं तर माझं विळ्यानं कापलं होतं, दुसऱ्या दिवशी मी खुरपायला गेले. हे ऐकून माझं डोकं फिरलं. मला दिसायला लागलं की जखम लहान दिसते म्हणून ही माणसं आठ दिवसांत आक्काला चुलीपुढं बसवणार. मी ओसरीवर उभी राहिले आणि भाषण केलं. बाईचं दुखणं दिसत नाही म्हणून ते नसतं का, बाहेरून लहान आणि आतून केवढं आहे ते तुम्हाला कळतं का, ही बाई जन्मभर राबली, आता तिला कुणी हात लावायचा नाही. मंदानं डोळ्याला पदर लावला. ती सासूवर जीव टाकायची. त्या दिवसापासून तिनं आक्काला पाणीसुद्धा स्वतःच्या हातानं घेऊ दिलं नाही. खाटेवरच सगळं. मी तिथं तीन आठवडे राहिले, राखण करायला.

आक्काचा पाय सरळ ठेवला की ठणकायचा. थोडा वाकवून वर धरला की बरं वाटायचं. घरात एक जुनी काळी घोंगडी होती. मी तिची चार पदरी घडी घातली आणि गुडघ्याखाली ठेवली. आक्कानं डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. लई ग्वाड वाटतंय बग, म्हणाली. मला इतकं बरं वाटलं. रोज सकाळी मी ती घडी उलगडायचे, झटकायचे, पुन्हा नीट घालायचे आणि तिच्या गुडघ्याखाली सरकवायचे.

चार-सहा दिवसांनी ती म्हणाली, "ती खाटकीण म्हणत व्हती वाकीव, सरळ कर, चाल. मी उटती जरा."

मी म्हटलं, ते दवाखान्यात. तिथं त्यांना खाट रिकामी करायची असते.

"तसं न्हाय वाटत मला. त्या पोरीच्या हातात खोटं नव्हतं."

मी तेव्हा तिला ते म्हटलं, जे म्हणायला नको होतं. म्हटलं, आक्का, बाईला विश्रांती हा आपला ठराव आहे. तुमचा अंगठा आहे त्यावर. तुम्हीच मोडणार?

मग तिनं पाय पुन्हा घोंगडीवर ठेवला.

दीड महिन्यानं दाखवायला जायचं होतं. जीपचे हिसके बसतील, अजून थोडी भरू दे जखम, असं करत आम्ही तीन महिन्यांनी गेलो. तोवर जखमेची नुसती रेघ राहिली होती. ती रेघ बघून आम्ही खुश होतो. डॉक्टरनं रेघेकडं बघितलंच नाही. त्यानं आक्काला पाठीवर झोपवलं आणि पाय खाली टेकवायला सांगितलं. टेकेना. गुडघा वर आलेला तसाच राहिला आणि त्याच्या खालून माझा हात सहज आरपार गेला असता एवढी पोकळी होती. त्यानं हातानं दाबलं. आक्कानं दात आवळले. गुडघा हलला नाही.

त्यानं मला विचारलं, गुडघ्याखाली उशी ठेवत होता का?

मी म्हटलं, उशी नाही, घोंगडी.

व्यायामाची मुलगी दारात उभी होती. ती आत आली, आमच्या पाकिटातून तिनं तो कागद काढला, घडीसुद्धा न उलगडलेला, आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. तिचे डोळे भरले होते. डॉक्टर म्हणाला की मी स्वतः तोंडानं सांगायला हवं होतं, माझंही चुकलं. सुरुवातीचे आठवडेच हातात असतात. तेव्हा सांधा जसा राहील तसा आजूबाजूचं आखडतं. आता व्यायामानं थोडं सुटेल, पुरतं नाही. भूल देऊन जोर लावता येईल, पण तीन महिने गेल्यावर त्यात फायदा कमी आणि हाडाला धोका जास्त. आक्कानं विचारलं की चालता येईल का. तो म्हणाला, घरात येईल. काठी घेऊन.

येताना भिगवणला थांबलो. आक्काचा मुलगा चहा आणायला गेला. आक्का जीपमध्ये मागं आडवी बसली होती, वाकलेला पाय बाकावर. तिनं हात पुढं केला.

"त्यो कागुद वाच आता."

मी वाचला. एकेक ओळ बघून मराठीत सांगितली. गुडघ्याखाली उशी किंवा कसलीही घडी ठेवू नका. ठेवायची तर टाचेखाली ठेवा, म्हणजे गुडघा सरळ होईल. दिवसातून तीनदा गुडघा वाकवा आणि सरळ करा, दुखलं तरी. रोज चाला, आणि आदल्या दिवशीपेक्षा थोडं जास्त चाला. चार ओळी होत्या. आक्कानं त्या नेहमीसारख्या, मान जरा तिरकी करून ऐकल्या. मग स्वतः म्हणून बघितल्या, शब्द इकडचा तिकडं न करता.

"सोपं लिवलंय की," म्हणाली.

मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं. समजूत घातली नाही आणि बोलही लावला नाही. चहा आला, तिनं घेतला, तुझा निवत चाललाय एवढं मला सांगितलं.

त्यानंतरच्या वर्षाबद्दल मला फार लिहिता येत नाही. आक्का व्यायाम करायची. मंदा पाय धरायची आणि दोघी रडायच्या. थोडा सुटला, सरळ झाला नाही. वाकलेल्या पायावर चालायचं म्हणजे दुसऱ्यावर सगळा भार, तो दुसरा गुडघा आधीच गेलेला. आम्ही बारामतीत पत्रकं लिहीत होतो आणि कुणाला तरी वाचून दाखवत होतो. खिडकीचा कट्टा रिकामा होता. मी एक पत्रक लिहिलं. गरिबाच्या भाषेत न बोलणारे दवाखाने, इंग्रजी कागद, पाच दिवसांत घरी धाडणं, रविवारी कुणी नसणं. एकही ओळ खोटी नव्हती, हे मी आजही म्हणते. खेड्यातल्या माणसाच्या हातात न कळणारा कागद देणं हा गुन्हा आहे आणि तो रोज होतो. लिहिलं, आणि छापायच्या आधी ऐकवायला म्हणून दुपारच्या गाडीनं निरवांगीला गेले.

आक्का दारातल्या खुर्चीवर बसली होती. खुर्चीत बसलेली ती मला ओळखू यायला क्षणभर लागला. मी वाचलं. ती शेवटपर्यंत काही बोलली नाही, मध्ये हात वर केला नाही. एवढी गप्प ती कधी ऐकायची नाही, म्हणून मला वाटलं चांगलं उतरलंय.

"समदं बराबर हाय," ती म्हणाली. "पर ह्यात तू कुठं हायस?"

मी म्हटलं, म्हणजे काय आक्का.

"घोंगडी कुठंय ह्यात? ठराव कुठंय? दवाखाना दिसतोय, मी दिसती. तू न्हाय दिसत." तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. "उद्या दुसऱ्या कुणाच्या घरी आशीच शिकल्याली, मायाळू पोरगी आसंल. तिला ह्यातनं काय कळंल? दवाखान्याला शिव्या द्याच्या, एवडंच कळंल. आन घडी घालून ठिवंल."

मी कागद पिशवीत घातला. तिनं मंदाला चहा टाकायला सांगितलं, माझ्या आईची चौकशी केली, खोलीवरच्या सगळ्या पोरींची नावं घेऊन विचारपूस केली. मला तिची माफी मागायची होती आणि तिनं मला ती मागायला जागाच दिली नाही. गाडीची वेळ झाली तसं मी उठले. पाया पडले. तीही उठायला लागली.

मी म्हटलं, बसा तुम्ही. मंदाही म्हणाली, आत्या, मी पोचवून येते. आक्कानं आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. काठी घेतली, खुर्चीच्या हाताला जोर देऊन उभी राहिली आणि निघाली. घरापासून रस्ता कितीसा, माणूस बोलत बोलत पोचतं. डावा पाय टाकायची, मग वाकलेला उजवा ओढून त्याच्या शेजारी आणायची, मग काठी पुढं. मी तिच्या जोडीनं चालत होते आणि मला माझ्या पायांचं काय करावं कळत नव्हतं. इतकं हळू मला चालता येत नव्हतं. मी दोन पावलं टाकून थांबायचे. आम्ही निम्म्यात असतानाच गाडी आली, उभी राहिली आणि निघून गेली.

"जाऊ दे. दुसरी हाय," ती म्हणाली.

रस्त्यावर पोचलो. पुढची गाडी येईपर्यंत ती उभीच राहिली. तिथं बसायला दगड होता, पण बसलं की उठायचं होतं. गाडी आल्यावर तिनं माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढं ढकललं, जा म्हणाली. मी चढले, शेवटच्या बाकावर गेले आणि मागच्या काचेतून बघितलं.

तिला परत जायचं होतं आणि त्यासाठी वळायचं होतं. आपण वळतो तसं तिला वळता येत नव्हतं. काठी थोडी सरकवायची, डावा पाय थोडा, मग उजवा ओढायचा, पुन्हा काठी. अंग अजून रस्त्याकडंच होतं, मान तेवढी घराकडं गेली होती. गाडीनं वेग घेतला. मी मोजत नव्हते, पण पाच-सहा वेळा तरी तिनं काठी सरकवलेली मला दिसली. मग रस्ता वळला आणि ऊस आडवा आला.

तेव्हा ती निम्मीच वळली होती.